मोझेलच्या उतारावर घातलेला बांध

जर्मनीहून परत आल्यापासून टोकावड्यात जो भेटतो तो आधी विचारतो, बर्फ पाहिला का. नाही पाहिला. मी गेले तेव्हा तिकडे वसंत होता, झाडं फुललेली होती आणि दुपारी स्वेटर काढून कमरेला बांधावा लागत होता. मग पुढचा प्रश्न येतो, तर महिनाभर तिकडे केलंस काय. बांध घातला, असं मी सांगते, आणि समोरच्याला वाटतं मी थट्टा करते आहे. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते. प्रत्येकाच्या ओटीवर बसून सांगायला मला आवडतं, नाही असं नाही, पण माणसानं दिवसाला चहा तरी किती प्यायचा.

माझी मुलगी रुपाली नर्स आहे. मुरबाडला बारावी झाली, कल्याणला नर्सिंग केलं, मग जर्मन भाषा शिकून मोझेल नावाच्या नदीकाठी एका इस्पितळात लागली. तीन वर्षं ती मला बोलावत होती आणि मी भात, म्हैस आणि अंगणवाडी अशी तीन कारणं सांगत होते. अंगणवाडीतून निवृत्त झाले तेव्हा एक कारण गळालं. उरलेली दोन तिच्या बाबांनी काढून घेतली.

"जा गो तू," ते म्हणाले. "म्हस मी बघतो. पन भाताच्या रोपाचा राब भाजायच्या टायमाला परत ये. शेन-पाला रचून ठेवलाय सगला, एकट्याच्यानं भाजून नाय व्हायचा."

विमानाचं काही सांगत नाही. बसले, उडालं, उतरले. ज्यांना विमानाचं ऐकायचं आहे त्यांनी शहापूरच्या माझ्या भाच्याला गाठावं, तो एकदा दुबईला गेला होता आणि अजून खाली उतरलेला नाही.

नदीचं गाव

रुपाली राहते त्या गावाचं नाव माझ्या जिभेला वळलं नाही, म्हणून मी त्याला नदीचं गाव म्हणते. मोझेल आपल्या काळू नदीसारखी उन्हाळ्यात दगड दाखवणारी नाही. भरलेली असते, आणि इतकी संथ की ती कुठल्या बाजूला वाहते ते कळायला मला अर्धा दिवस लागला. तिच्यावरून लांबलचक बोटी जातात. बोटीच्या मागच्या टोकाला बोट चालवणाऱ्याचं घर, घराच्या खिडकीला पडदे, आणि घराशेजारी त्याची मोटार उभी केलेली. गावात पोचला की मोटार उतरवायची आणि बाजाराला जायचं. संसार बरोबर घेऊन फिरायची ही तऱ्हा मला फार पटली.

नदीच्या दोन्ही बाजूंना डोंगर आणि डोंगरावर द्राक्षं. आपल्याकडे नाशिकला द्राक्षं असतात ती सपाटीला, मांडवावर. इथे माळशेजच्या कड्याला कुणी शेत केलं तर कसं दिसेल तसं दिसतं. एकेक वेल एकेका खांबाला बांधलेली, आणि तिच्या दोन फांद्या दोन बाजूंनी वाकवून खाली आणलेल्या, बदामाच्या आकारात. सगळा डोंगरच्या डोंगर अशा बदामांनी भरलेला. मी गेले तेव्हा वेलींना नुकते डोळे फुटत होते, कापसाच्या बोंडासारखे, आत पोपटी. मधेमधे पीचची झाडं होती आणि त्यांचा गुलाबी फुलोरा गळत आला होता. खालची जमीन काळीनिळी. हातात घेऊन पाहिलं तर सगळे चपटे दगडाचे तुकडे. लहानपणी आम्ही ज्या पाटीवर अ-आ गिरवलं ती ह्याच दगडाची.

रुपालीची घरमालकीण गर्ट्रूड. पंचाहत्तरीची, उंच, गुडघ्यानं अधू, आवाज मात्र शेतापलीकडे ऐकू जाईल असा. नवरा वारलेला. मुलगा स्टेफान शहरात कचेरीत काम करतो आणि शनिवार-रविवार येतो. माझं नाव सुमन, ते तिनं पहिल्याच दिवशी 'झुमान' केलं आणि महिनाभर तसंच वापरलं. मीही तिला गरटूबाई म्हणायला लागले. तिला मराठी येत नव्हतं आणि मला जर्मन, पण कोंबड्या, गुडघे आणि वेळेवर न येणारे मुलगे ह्यांबद्दल आमचं व्यवस्थित बोलणं व्हायचं.

वसंतात तिकडचे द्राक्षवाले एक गंमत करतात. दाराला झाडू टांगतात. झाडू दिसला की समजायचं, ह्या घरात वाईन विकायला आहे. कुणीही आत यावं, अंगणातल्या बाकावर बसावं, घरची वाईन प्यावी, घरचं पाव-चीज खावं. आपल्याकडे दाराला झाडू टांगला तर येणारी लक्ष्मी मागच्या मागे फिरेल. मी पहिल्या दिवशी तो काढून कोपऱ्यात आडवा ठेवला होता, चांगल्या मनानं. दुपारभर एकही गिऱ्हाईक आलं नाही. संध्याकाळी गर्ट्रूडनं झाडू शोधून परत टांगला आणि मला काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण.

त्याची भरपाई मी सुकटीनं केली. वाईन मी चाखली होती, आवळ्याच्या पाण्यासारखी, आधी दात आंबतात आणि मग गोड वाटतं. ह्याच्याबरोबर ते लोक पांढऱ्या शतावरीचे उकडलेले कोंब खात होते, वर लोणी. चव म्हणाल तर आजाऱ्याच्या पथ्याची. मला राहवेना. मी बॅगेतून सुकट काढली, अंगणामागच्या चुलीवर खरपूस भाजली, कांदा आणि आपला लाल मसाला घातला. वास सुटला तसे दोन बाकांवरचे लोक उठून उभे राहिले. रुपाली ड्यूटीवरून आली ती दारातच डोक्याला हात लावून थांबली. "आये, हितं कोन सुकट खातं काय?" पण गर्ट्रूडनं चिमूटभर तोंडात टाकली, वर वाईनचा घोट घेतला, आणि बशी उचलून स्वतः बाकाबाकांवर फिरवली. जे उठले होते ते बसले. मी नेलेली सगळी सुकट त्या आठवड्यात संपली, आणि ती महिनाभर पुरवायची होती.

खिंडार

चौथ्या दिवशी गर्ट्रूड मला वर घेऊन गेली. रुपालीला सुट्टी होती म्हणून तीही आली. उतार इतका उभा की तिथे एकच रूळ टाकलेला आहे आणि त्यावरून खुर्चीएवढी गाडी घरघरत चढते. मी डोळे मिटले ते वर जाईपर्यंत उघडले नाहीत.

वर डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला होता. प्रत्येक पायरीला दगडाची भिंत आणि भिंतीवर वेलींची ओळ. तिसऱ्या पायरीची भिंत हिवाळ्यात कोसळली होती. माणसं आडवी झोपवली तर चार मावतील एवढं खिंडार. दगड खाली घरंगळलेले, माती ओघळलेली, आणि वरच्या वेलींची मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती. गर्ट्रूड तिथे उभी राहिली आणि एका वेलीवरचं वाळलेलं पान तिनं काढलं. नंतर ती बोलत गेली आणि रुपाली सांगत गेली.

ही ओळ तिनं आणि तिच्या नवऱ्यानं लग्नानंतर लावली होती. घरातली सगळ्यांत चांगली वाईन ह्याच वेलींची. अशी बिनसिमेंटची भिंत रचणारे कारागीर आता थोडे उरले आहेत आणि त्यांचा नंबर पुढच्या वर्षी लागतो. तोवर खिंडार असंच राहिलं तर वरची पायरीही खाली येणार. म्हणून स्टेफाननं ठरवलं होतं की ही ओळ सोडून द्यायची. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी माणसं येऊन वेली उपटणार होती.

"म्हणजे किती दिवस हायत?" मी विचारलं.

"सोला-सतरा," रुपाली म्हणाली. "का?"

"तिला सांग, मी घालते बांध."

रुपालीनं सांगितलं नाही. "आये, तू पाहुनी हायस ना. पाहुन्यासारखी ऱ्हा की जरा."

"तू सांगतेस, का मी हातवारे करून सांगू?"

इथे माझी थोडी बढाई ऐकून घ्यावी लागेल. आम्ही चार बहिणी, बापाला मुलगा नाही, त्यामुळे पहार आणि घमेलं आमच्याच हातात आलं. आमची भाताची खाचरं डोंगराच्या पायथ्याला. दर पावसाळ्यात कुठला ना कुठला बांध फुटायचा आणि आम्ही तो भर पावसात घालायचो. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच आषाढात माझा बांध पाहिला आणि दोन्ही दिरांना बोलावून दाखवला. माझ्या बांधातून पाण्याचा थेंब जात नाही, हे आमच्या अख्ख्या पाड्याला ठाऊक आहे. तिकडच्या लोकांना ठाऊक नव्हतं, एवढंच.

शनिवारी स्टेफान आला. सभ्य माणूस, चष्मा लावलेला, माझ्याशी हात मिळवला आणि हसला. ते हसणं मला ओळखीचं होतं. सातबाऱ्याचा उतारा मागायला बाईमाणूस एकटी गेली की टेबलापलीकडून असंच हसतात. तो म्हणाला, हवं तर करून पाहा, पण मातीचा भार मोठा असतो, एका जोराच्या पावसात रचलेलं सगळं खाली येईल. मी रुपालीला म्हटलं, विचार त्याला, पावसात टिकला तर? त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, एक चांगला पाऊस भिंतीनं काढला तर सोमवारच्या माणसांना मी नको म्हणून कळवीन. गर्ट्रूड मधे पडून त्याला म्हणाली, हे माझ्यासमोर पुन्हा एकदा बोल. तो पुन्हा बोलला.

थेंब न जाणारा बांध

दगडानं पहिल्याच दिवशी माझी फजिती केली. आपला काळा दगड घण घालावा तेव्हा कुठे दुभंगतो. तो पाटीचा दगड मी आपल्या सवयीनं ठोकला आणि त्याच्या पापडासारख्या चकत्या झाल्या. गर्ट्रूडनं अंगणात बसून मला दाखवलं. दगड उभा धरायचा, त्याच्या कडेवर हातोडीनं हळू टिचक्या मारत जायचं, मग तो आपण म्हणू तिथे सुटतो. अंगणवाडीतल्या पोरांना मी अक्षर गिरवायला शिकवायचे तसा तिनं माझा हात धरून शिकवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी वर जाऊन खणखण सुरू केली तर खालून एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत आले आणि ओठांवर बोट ठेवून उभे राहिले. मला वाटलं गावात कुणी गेलं. गेलं कुणी नव्हतं, रविवारी तिकडे आवाजाचं काम करायचंच नाही असा नियम आहे. ठोकाठोकी नाही, गवत कापायचं यंत्र नाही. आपल्याकडे अमावास्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मी हातोडी खाली ठेवली, गृहस्थांना डब्यातला तिळाचा लाडू दिला, आणि आम्ही दोघं नदी बघत बसलो.

सोमवारपासून मी झपाटल्यासारखी लागले. रुपाली कामावर, गर्ट्रूडला गुडघ्यामुळे रोज वर येता येत नव्हतं, त्यामुळे मधे बोलणारं कुणी नव्हतं. खाली नदीजवळच्या बागेत चिकणमाती होती, छान, लोण्यासारखी. ती मी बादल्या भरभरून त्या गाडीतून वर नेली. दगडाचा एक थर, त्यावर मातीचा गिलावा, फटी बोटांनी दाबून बुजवायच्या, मागच्या बाजूनं पायांनी तुडवायचं, वर तळहातानं गुळगुळीत करायचं. चार दिवसांत निम्मी भिंत उभी राहिली. काय सुरेख दिसत होती. मुंगी शिरायला जागा नव्हती. गुरुवारी रुपालीची सुट्टी पाहून मी दोघींना वर बोलावलं.

गर्ट्रूडनं भिंतीवरून हात फिरवला. मग ती शेजारची पाण्याची झारी घेऊन आली आणि भिंतीच्या मागच्या मातीत तिनं ती अख्खी ओतली. आम्ही तिघी वाकून बघत राहिलो. पाणी भिंतीमागे साचलं आणि तिथेच राहिलं. एक थेंब पुढे आला नाही. मी अभिमानानं तिच्याकडे पाहिलं.

ती हळू आवाजात बोलली. रुपालीनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "आये, ती विचारते, पानी जानार कुठं?"

"जानार कशाला? ऱ्हानार हितंच. बांध घालतात कशासाठी मग?"

हे शब्द तोंडातून निघाले आणि माझे मलाच ऐकू आले. इथे भात नव्हतं. ह्या वेलींना पाणी साठवून द्यायचं नव्हतं. पाणी भिंतीमागे थांबलं तर माती फुगणार, हिवाळ्यात त्याचा बर्फ होणार, आणि तो भिंतीला पोटातून ढकलणार. जन्मभर ज्या गोष्टीची शेखी मिरवली तीच मी इथे आणून थापली होती, आणि तीच ही भिंत पाडणार होती. मला इतकी लाज वाटली की गर्ट्रूडकडे बघवेना. चार दिवस गेले होते. तिचे चार दिवस, माझे नव्हेत.

गर्ट्रूड म्हणाली, असू दे, पुष्कळ केलंत तुम्ही. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. ती खाली गेली, आणि मी पहार घेऊन स्वतः घातलेला बांध स्वतः पाडायला घेतला.

दगड साफ करत बसले असताना घरून फोन आला. मला सांगायचं नव्हतं, पण ह्यांच्यापुढे माझा चेहरा टिकत नाही, व्हिडिओवर तर नाहीच. सगळं सांगितलं. हे हसले नाहीत.

"तुज्या बापाच्या वरकसवरचा बांध आठवतो काय?" ते म्हणाले. "नाचनीचा?"

"त्याचं काय?"

"त्याला कवा माती लावलीस गो? नाचनीच्या बांधाला माती कोन लावतो?"

मला लख्ख आठवलं. डोंगरउतारावरची ती वरकस जमीन, जिथे भात होत नाही आणि नाचणी, वरी पिकायची. नाचणीच्या पायात पाणी थांबलं तर ती कुजते. म्हणून तिथला बांध कोरड्या दगडाचा, पाणी झिरपून जाऊ देणारा. माझ्या बापानं तो घालताना मी दगड देत होते, दहा-अकरा वर्षांची असेन. पुढे नाचणी कुणी लावेना, वरकस पडीक गेली, आणि तो बांध माझ्या डोक्यातूनही गेला. हातातून मात्र गेला नव्हता.

कोरडा दगड

दुसऱ्या दिवसापासून मी बापाच्या पद्धतीनं सुरुवात केली. पाया खणून मोठे दगड तिरपे बसवले, डोंगराकडे कललेले. मग प्रत्येक थरात दोन-तीन दगड असे की त्यांचं तोंड फक्त बाहेर दिसेल आणि अंग हातभर आत मातीत जाईल. एका दगडाचा सांधा वरच्या दगडाच्या पोटाखाली यायला हवा, सांध्यावर सांधा आला की भिंत तिथून उसवते. हलणाऱ्या दगडाखाली बारीक दगडाची चीप मारायची. मागच्या पोकळीत बारीक दगडांची भर टाकायची, माती नाही. रोज संध्याकाळी मी झारी ओतायचे आणि पाणी दगडांतून वाट काढत पुढे येताना पाहायचे. जन्मभर जे दिसलं की मी घमेलं घेऊन धावायचे, ते बघून मला आता बरं वाटत होतं.

गर्ट्रूड दुखऱ्या गुडघ्यानं रोज वर यायला लागली. ती बसून दगड तासायची, मी रचायचे. तिची हातोडी आणि माझे शिव्याशाप, एवढाच आवाज. हाताची सालपटं निघाली, नखं काळी पडली. रुपाली रात्रपाळी करून यायची आणि झोपायच्या आधी माझ्या बोटांना मलमपट्टी करायची. "तुज्यापरीस माजे पेशंट शाने," म्हणायची. एकदा मात्र पट्टी बांधता बांधता थांबली आणि म्हणाली, "आये, हितं तीन वर्सं झाली, पन गावातली मानसं मला वाटेत थांबवून बोलायला लागली ती ह्या हप्त्यात. तुजी चौकशी करतात." मी म्हटलं, तूही सुकट भाजत जा. पण मला खूप आनंद झाला, तो मी इथे लिहून टाकते कारण तिला तेव्हा सांगितला नाही.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी वरचा दगड बसला. आता पाऊस हवा होता आणि आभाळ धुऊन ठेवल्यासारखं निळं होतं. सोमवार चार दिवसांवर. ज्या पावसाला मी महिना-महिना नको म्हणते, त्याची वाट बघत मी अंगणात फेऱ्या घालत होते.

एक मे

एक मेला तिकडेही सुट्टी. गावाच्या चौकात उंच खांब उभा करतात, त्याच्या टोकाला रंगीत फितींचं चक्र बांधतात आणि बँड वाजवतात. स्टेफान आला होता. दुपारी बँड रंगात असताना डोंगरामागून काळं आलं आणि पाऊस असा कोसळला की वाजवणारे पिपाण्या डोक्यावर धरून पळाले. टपोऱ्या गाराही होत्या. सगळे आडोशाला गेले आणि मी चौकात भिजत उभी राहिले. रुपाली छत्री घेऊन ओरडत होती. मी तिला म्हटलं, पडू दे.

तासाभरानं जरा उघडलं तसे आम्ही वर गेलो. गाडीत गर्ट्रूड आणि मी, मागून पायऱ्यांनी स्टेफान आणि रुपाली. रस्ताभर चिखल ओघळत होता. ह्या खेपेला मी डोळे उघडे ठेवले होते.

भिंत उभी होती.

आणि ती वाहत होती. शंभर ठिकाणांहून, प्रत्येक फटीतून बारीक बारीक धारा येत होत्या, स्वच्छ, मातीचा कण नसलेल्या. वरच्या वेली होत्या तिथे होत्या. काही कोवळे डोळे गारांनी झडले होते, पण मुळं मातीत झाकलेली होती. माझ्या बांधातून सगळं पाणी गळत होतं आणि मी त्याच्यासमोर उभी राहून हसत होते, वेड्यासारखी, रडतही असेन, पावसात कोण बघतो.

स्टेफान गुडघ्यावर बसला. त्यानं धारेखाली तळहात धरला, पाणी बघितलं, मग भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दगड चाचपत गेला. परत येऊन त्यानं खिशातून फोन काढला. सुट्टीचा दिवस होता, समोरून कुणी उचलला नाही, म्हणून त्यानं निरोप ठेवला. गर्ट्रूडनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रुपालीनं मला सांगितलं, तो म्हणतो सोमवारी येऊ नका, वेली ठेवायच्या आहेत.

गर्ट्रूडनं मला मिठी मारली. उंच बाई, माझं डोकं तिच्या खांद्याच्या खाली. ती काय बोलत होती ते रुपालीनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या संध्याकाळी त्याच ओळीच्या वाईनची जुनी बाटली उघडली गेली. मी तीन घोट प्यायले, आवळ्यापेक्षा बरी होती. घरी फोन लावून ह्यांना भिंत दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिली. "वरचा दगड जरा भायेर आलाय," म्हणाले. म्हणजे पसंत पडली.

जायच्या आधी

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी स्टेफान जुने बूट घालून अंगणात उभा होता. चौथ्या पायरीची भिंत पोट काढून उभी आहे, म्हणाला, ती आज ना उद्या पडेल, तेव्हा तुम्ही नसाल. कारागिराचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही. तर मला शिकवाल का.

मी शिकवायला तशी वाईट नाही, पण गोड नाही. तो अख्खा शनिवार तो माझ्या हाताखाली होता. दगड तोंडाकडून सुंदर दिसेल असा लावायची त्याला खोड, आत मातीत जाणारं शेपूट त्याला आहे की नाही ते बघायचाच नाही. मी दगड उपटून त्याच्या हातात परत द्यायचे. दिवसभरात त्यानं हातभर भिंत रचली आणि मी संध्याकाळी ती सगळी पाडायला लावली. रुपाली म्हणाली, आये, तो इंजिनियर हाय. मी म्हटलं, असेल. चष्मा पुसत त्यानं पाडली आणि पुन्हा पायापासून सुरुवात केली. पुढच्या शनिवारी माझी बॅग भरायची होती म्हणून मी वर गेले नाही. तो एकटाच गेला.

निघायच्या दिवशी सकाळी गाडीला दोन तास होते. गर्ट्रूड म्हणाली, चला, एकदा बघून या. वर गेलो. स्टेफाननं चौथ्या पायरीचं पोट काढलेलं अंग उतरवून तिथे कमरेएवढी नवी भिंत रचली होती. मी सांधे पाहिले. फटीत बोट घालून मागची भर पाहिली. झारी ओतली, पाणी पुढे आलं. शेवटी मी पदर खोचला आणि भिंतीला खांदा लावून जोर केला. हलली नाही. मग पाय रोवून, दात आवळून, होता नव्हता तो सगळा जोर लावला. गर्ट्रूड घाबरून ओरडली. स्टेफान मात्र हाताची घडी घालून शेजारी उभा होता, आणखी जोर लावायचा तर लावा अशा थाटात.